पाथरी : वतन, राजसत्ता आणि सभा

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव मध्ययुगात कोणत्याही राजाची राजधानी नव्हते. तरीही सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमधील दोन सुलतानांनी या एका गावासाठी पुन्हापुन्हा युद्धे केली, त्या युद्धांत बीदर, गोवळकोंडा आणि खानदेश या सत्ता ओढल्या गेल्या आणि अखेरीस गुजरातचा सुलतान मोठी फौज घेऊन दख्खनेत उतरला. गोदावरीच्या उत्तरेला वसलेल्या या गावात अशी कोणती संपत्ती होती की तिच्यासाठी एवढे रक्त सांडावे, याचे फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेले उत्तर विलक्षण आहे. त्याच्या म्हणण्यानुसार अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज हे मूळचे पाथरीचे कुलकर्णी होते, आणि सिंहासनावर बसलेल्या वंशजाला आपल्या पूर्वजांचे वतन परक्या सत्तेखाली राहावे हे मान्य नव्हते. मराठवाड्याचा मध्ययुगीन इतिहास सामान्यतः देवगिरी, बीदर, अहमदनगर या राजधान्यांच्या अंगाने लिहिला जातो. पाथरीचा प्रवास मात्र हाच इतिहास गावाच्या चावडीवरून पाहण्याची संधी देतो, आणि तेथून पाहिले असता राजसत्ता व गाव यांचे नाते राजधानीतून दिसते त्याहून बरेच वेगळे दिसते.

परभणीहून मानवतमार्गे पश्चिमेकडे जाणारा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरांत पाथरीला पोहोचतो. हा सगळा प्रदेश गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या, खोल जमिनीचा असून कापूस, ज्वारी, सोयाबीन आणि कालव्याचे पाणी पोहोचते तेथे ऊस ही पिके दोन्ही बाजूंना दिसतात. जायकवाडी धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा पैठणहून निघून याच पट्ट्याला पाणी देतो. मानवतची कापसाची बाजारपेठ जुनी आहे. मनमाडकडून सिकंदराबादला जाणारा लोहमार्ग मात्र पाथरीला बाजूला ठेवून सेलू आणि मानवत रोड या स्थानकांवरून जातो, त्यामुळे एके काळी राजमार्गावर असलेले हे गाव रेल्वेच्या काळात आडबाजूला पडले. डोंगर, दरी किंवा अभेद्य कडा असे संरक्षणाचे कोणतेही नैसर्गिक साधन येथे नाही. देवगिरीचा कातळ किंवा माहूरची टेकडी ज्या कारणाने राजांना हवीशी वाटली, ते कारण पाथरीला लागू पडत नाही. येथे आहे ती जमीन, नदी आणि त्या जमिनीवरील पिढीजात हक्कांची घट्ट विणलेली व्यवस्था.

पाथरीचे जुने नाव पार्थपूर. या नावाने हे गाव भारतीय गणित व ज्योतिष यांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे, याची जाणीव आज फार थोड्यांना असते. इसवी सन १५०३च्या सुमारास पार्थपूरच्या ज्ञानराज या पंडिताने ‘सिद्धान्तसुंदर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. सिद्धान्त म्हणजे ग्रहांच्या गती, ग्रहणे आणि कालमापन यांची मूळ तत्त्वांपासून मांडणी करणारा ज्योतिषग्रंथ. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिल्यानंतर या प्रकारातील मोठी स्वतंत्र रचना दीर्घकाळ झाली नव्हती, आणि ती परंपरा पुन्हा सुरू करणाऱ्यांत ज्ञानराजाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. या घराण्याची परंपरा देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळापर्यंत, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, मागे नेली जाते. ज्ञानराजाचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८मध्ये ‘सूर्यप्रकाश’ आणि ‘लीलावती’वर १५४१मध्ये ‘गणितामृतकूपिका’ या टीका लिहिल्या. त्याच्याच नावावर असलेले ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सरळ वाचले असता रामाची आणि उलट वाचले असता कृष्णाची कथा सांगते. अक्षरांवरील एवढे प्रभुत्व आणि बीजगणितावरील एवढा अधिकार एकाच माणसाच्या ठायी असणे हे त्या काळातील पार्थपूरच्या विद्याजीवनाचे प्रमाण आहे.

या तारखा राजकीय घटनांच्या शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांचे महत्त्व अधिक लक्षात येते. सूर्यदास सुमारे दहा वर्षांचा असताना, १५१८मध्ये, अहमदनगरच्या फौजेने पाथरी घेतली; तो ऐन विशीत असताना ते गाव पुन्हा एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि तेथील किल्ला पाडला गेला; आणि या उलथापालथीनंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत त्याने आपले दोन्ही टीकाग्रंथ पूर्ण केले. तटबंदी कोसळत असताना ज्या गावात बीजगणिताचे अध्ययन खंडित होत नाही, त्या गावाचे बळ तटबंदीत नव्हते, असेच म्हणावे लागते. ते बळ कोठे होते हे समजण्यासाठी निजामशाही घराण्याच्या उगमाकडे वळणे आवश्यक आहे.

बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२२ ते १४३६ या काळात राज्य केले. त्याच्या विजयनगरविरुद्धच्या मोहिमेत तिमाभट नावाचा एक ब्राह्मण मुलगा कैद झाला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी असून काही कारणाने ते गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेले होते आणि मुलाच्या वडिलांचे नाव भैरव होते, असे फिरिश्ता सांगतो. या मुलाला मुसलमान करून मलिक हसन हे नाव देण्यात आले, राजपुत्राबरोबर त्याचे फारसी व अरबी शिक्षण झाले आणि तो पुढे निजाम-उल्-मुल्क बहरी या पदवीने बहमनी राज्यातील सर्वांत प्रबळ सरदारांपैकी एक बनला. १४८१मध्ये वजीर महमूद गावान याचा वध झाल्यानंतर बीदरच्या दरबारात त्याचाच शब्द चालत असे. १४८६मध्ये त्याचाही खून झाला. त्याचा पुत्र मलिक अहमद याने जुन्नरचा आधार घेऊन १४९०मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि १४९४मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराचा पाया घातला.

या वंशकथेला दुसरी बाजूही आहे. निजामशाही दरबारात दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहासाठी ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ हा ग्रंथ लिहिणारा सय्यद अली तबातबा हा मलिक अहमदचा जन्म प्रत्यक्ष बहमनी राजवंशात झाल्याचे सांगतो. दोन्ही इतिहासकार एकाच पिढीतील होते आणि दोघांनाही अहमदनगरचा दरबार जवळून माहीत होता. फिरिश्ताने तरुणपणी तेथेच चाकरी केली आणि १५८९मध्ये तो विजापूरला गेला. मात्र तबातबाचा ग्रंथ राजाच्या आश्रयाने लिहिला गेला होता आणि आश्रयदात्याचे कुळ राजवंशाशी जोडणे हे त्या काळातील दरबारी इतिहासलेखनाचे नेहमीचे काम होते. उलट फिरिश्ताने अहमदनगरची चाकरी सोडल्यानंतर, विजापूरच्या आश्रयाने, आपला इतिहास लिहिला, त्यामुळे त्याला निजामशाहीचे कुळ उंच दाखवण्याची गरज नव्हती. त्याहून निर्णायक गोष्ट म्हणजे पाथरीसंबंधी निजामशहांचे प्रत्यक्ष वर्तन, कारण केवळ लष्करी हिशेबाने त्या वर्तनाचा उलगडा होत नाही.

मलिक अहमदच्या उत्कर्षाची वार्ता पाथरीस पोहोचली तेव्हा तेथील भाऊबंद अहमदनगरला आले आणि त्यांनी नव्या राजवटीशी आपला संबंध पुन्हा जोडला. मलिक अहमदनंतर १५०८च्या सुमारास त्याचा सात वर्षांचा पुत्र बुऱ्हाण गादीवर आला आणि राज्याचा कारभार मुकम्मलखान या अनुभवी मुत्सद्द्याच्या हाती राहिला. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाही राज्यात होती. पाथरी द्यावी आणि तिच्या मोबदल्यात दुसरा परगणा घ्यावा, अशी मागणी अहमदनगरकडून अलाउद्दीन इमादशहाकडे करण्यात आली. परगणा म्हणजे महसुलासाठी एकत्र केलेला गावांचा समूह. त्याच्या बदली दुसरा परगणा देऊ करणे याचा अर्थ असा की उत्पन्नाचे नुकसान होऊ न देता इमादशहाला केवळ जागा बदलायला सांगितले जात होते. अलाउद्दीनने नकार दिला आणि पाथरीची तटबंदी मजबूत करण्यास आरंभ केला. तेव्हा १५१८मध्ये अहमदनगरच्या फौजेने गाव व किल्ला ताब्यात घेतला. पुढे गोवळकोंड्याच्या सुलतान कुली कुत्बशहाच्या मदतीने अलाउद्दीनने पाथरी परत मिळवली, आणि १५२७च्या सुमारास बुऱ्हाणने बीदरच्या अमीर बरीदला सोबत घेऊन ती पुन्हा जिंकली.

या दुसऱ्या विजयानंतर बुऱ्हाणने जे केले ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. त्याने पाथरीचा किल्ला जमीनदोस्त केला आणि तो प्रदेश आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिला. इनाम म्हणजे करमाफीची किंवा नाममात्र कराची जमीन, जी राजा देणगी म्हणून देतो. सीमेवरचे ठाणे म्हणून पाथरी हवी असती तर तिचा किल्ला अधिक भक्कम करून तेथे किल्लेदार बसवला गेला असता. पण घेतलेला किल्ला पाडून टाकणे आणि जमीन भाऊबंदांच्या हवाली करणे हे युद्धनीतीचे नव्हे, तर कुळाचे आणि वतनाचे कृत्य आहे. या एका कृतीची किंमत मात्र मोठी ठरली. पराभूत अलाउद्दीन खानदेशात गेला, खानदेशच्या सुलतानाने व त्याने मिळून गुजरातच्या बहादुरशहाला हाक दिली, आणि १५२८-२९मध्ये बहादुरशहाची फौज थेट अहमदनगरपर्यंत आली. खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळचे, राज्यकर्त्याच्या नावाचा उच्चार असलेले प्रवचन, काही काळ गुजरातच्या सुलतानाच्या नावाने वाचण्याची वेळ निजामशहावर आली. विशेष असे की ज्या इमादशाहीशी हा झगडा झाला तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क हादेखील विजयनगरच्या मुलखातून बालपणी कैद होऊन आलेला हिंदू मुलगा होता, असे फिरिश्ताच नमूद करतो. दोन सुलतान, दोघांच्याही मुळाशी कानडी-मराठी मुलखातील कुटुंबे, आणि दोघांमध्ये वादाचा विषय एक कुलकर्णी वतन, असे हे चित्र आहे. मध्ययुगीन दख्खनेचा इतिहास केवळ धर्मांच्या संघर्षाचा इतिहास म्हणून वाचणाऱ्याला ते पुरते समजणार नाही.

राज्य हाती असलेल्या घराण्यालाही वतनाची एवढी ओढ का असावी, याचे उत्तर राजाच्या इच्छेत जितके आहे तितकेच त्या काळातील सभांच्या व्यवस्थेत आहे. येथे युरोपातील एका समांतर व्यवस्थेचा उल्लेख उपयोगी पडतो. मध्ययुगीन जर्मनीच्या राजांना स्थिर राजधानी नव्हती. राजा आपल्या परिवारासह एका राजवाड्याहून दुसऱ्या राजवाड्याकडे फिरत असे आणि ज्या गावी मुक्काम पडेल तेथे सरदार, बिशप आणि मठाधिपती यांची सभा भरवून न्याय, दाने आणि युद्ध यांचे निर्णय घेत असे. रेग्निट्झ नदीकाठचे फोर्खहाइम हे असेच एक लहान गाव. ८०५च्या राजाज्ञेत स्लाव लोकांशी होणाऱ्या व्यापाराचे सीमाठाणे म्हणून त्याचा उल्लेख येतो. ९००मध्ये बालराजा लुडविगची आणि ९११मध्ये पहिल्या कोनराडची निवड तेथील सभेत झाली, आणि १०७७मध्ये चौथ्या हेन्रीला विरोध करणाऱ्या सरदारांनी राइनफेल्डेनच्या रुडोल्फला तेथेच राजा म्हणून निवडले. पुढे १३५६च्या ‘सुवर्णपत्र’ या राजाज्ञेने निवडणुकीचे स्थान फ्रँकफर्ट, राज्याभिषेकाचे आखेन आणि नव्या राजाच्या पहिल्या सभेचे न्युरेंबर्ग असे ठरवून दिले. पाथरी पहिल्यांदा अहमदनगरच्या ताब्यात गेली त्यानंतर तीन वर्षांनी, १५२१मध्ये, वर्म्स येथील साम्राज्यसभेपुढे धर्मसुधारक मार्टिन लूथर उभा राहिला. जर्मनीतील लहान गावांना राजकीय इतिहासात स्थान मिळाले ते राजा आणि सरदार तेथे एकत्र बसत म्हणून; आणि त्या सभांच्या नोंदी मठांनी व नगरांनी जपल्या म्हणून ते स्थान आजपर्यंत टिकले.

दख्खनेतील सुलतानांना राजधान्या होत्या, त्यामुळे राजाची मोठी सभा गावोगाव फिरली नाही. तथापि राजसत्ता आणि गाव यांना एकत्र बसवणारी सभा येथेही होती, आणि ती फोर्खहाइमच्या सभेपेक्षा पुष्कळ खालच्या थरापर्यंत पोहोचत होती. तिला गोतसभा म्हणत. गोत या संज्ञेत केवळ नातेवाईक येत नाहीत. एखाद्या गावातील किंवा परगण्यातील सर्व वतनदार, म्हणजे पिढीजात हक्क व कर्तव्ये असलेली माणसे, मिळून गोत होते. परगण्याचा प्रमुख देशमुख, त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, गावचा पाटील, ज्याला फारसी कागदांत मोकदम म्हटले आहे, जमिनीची व वसुलाची नोंद ठेवणारा कुलकर्णी, बाजारपेठेचा शेटे व महाजन, आणि सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग हे बलुतेदार या सर्वांना तेथे स्थान होते. या गोताबरोबर राजसत्तेचे प्रतिनिधी बसत, त्यांना दिवाण म्हणत. हवालदार, मजमूदार आणि काझी हे त्यांतील प्रमुख. दिवाण आणि गोत मिळून जी सभा भरे तिला मजलिस असे नाव होते, आणि वतनाचा, सीमेचा, वडीलपणाच्या मानाचा किंवा वाटणीचा वाद तिच्यापुढे येई.

या मजलिसीची रीत ठरलेली होती. वादी व प्रतिवादी आपापले म्हणणे लिहून देत आणि निकाल मान्य करण्याची हमी म्हणून जामीन देत. मग साक्षीदारांना देवळात किंवा नदीच्या पात्रात शपथ घालून विचारले जाई. कागद व साक्ष यांतून निवाडा होत नसेल तेव्हा दिव्याचा अवलंब केला जाई, ज्यात उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात पिशवीत बांधून मोहोर केली जाई आणि काही दिवसांनी सर्वांसमक्ष तपासला जाई. निकालाचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. महजराच्या आरंभी हाजिर मजलस या शीर्षकाखाली उपस्थितांची नावे हुद्द्यांसह लिहिली जात आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढून साक्ष घालत. पाटलाचा नांगर, सुताराचे वाकस, चांभाराची आरी अशी चिन्हे जुन्या कागदांवर आजही पाहायला मिळतात. जिंकणाऱ्याकडून शेरणी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी या नावाने सरकार रक्कम घेई. सुलतानाच्या काझीची मोहोर आणि गावच्या चांभाराची आरी एकाच कागदावर एकाच निर्णयाची साक्ष देतात, हे दख्खनी राज्यव्यवस्थेचे सर्वांत बोलके लक्षण आहे. या व्यवस्थेला समतेची म्हणता येणार नाही, कारण तीत जातीची उतरंड पक्की होती, महार-मांगांच्या वाट्याला हक्कांपेक्षा सेवाच अधिक होती आणि स्त्रीचे म्हणणे बहुधा तिच्या पुरुष नातलगांमार्फतच पुढे येई; परंतु राजाचा शब्द गावाच्या साक्षीवाचून पुरा होत नाही हे तत्त्व तीत मान्य होते, ही गोष्ट तिच्या उणिवांइतकीच खरी आहे.

कुलकर्ण्याचे बळही याच व्यवस्थेतून येत असे. कोणाचे शेत कोणते, कोणत्या जमिनीवर किती आकार, कोणते इनाम कोणी दिले, कोण मिरासदार म्हणजे पिढीजात मालक आणि कोण उपरी म्हणजे बाहेरून आलेला कसणारा, हे सर्व त्याच्या दप्तरात असे, आणि सुलतान बदलला तरी नव्या सुलतानाच्या अधिकाऱ्याला वसुलासाठी याच दप्तराकडे यावे लागे. वतन विकता येई, वाटता येई, वारशाने देता येई. गाव सोडून गेलेल्या कुटुंबाचा हक्कही गोताच्या स्मरणात राही आणि पिढ्यांनंतर परत आलेला वारस तो मागू शके. पाथरीचे भाऊबंद अहमदनगरला गेले ते या स्मरणाच्या आधाराने, आणि बुऱ्हाण निजामशहाने त्यांना इनाम दिले तेव्हा त्याने हाच जुना हक्क राजाज्ञेने पक्का केला. धर्म बदलला, भाषा बदलली, पदवी बदलली, तीन पिढ्या उलटल्या, तरीही वतनाचे नाते तुटले नाही.

पाथरीहून दक्षिणेकडे गोदावरी ओलांडून सोनपेठला जाणारा प्रवास या इतिहासाच्या पुढच्या टप्प्याकडे नेतो. १५७४मध्ये मुर्तजा निजामशहाने इमादशाही बुडवून वऱ्हाड आपल्या राज्याला जोडले. पुढे १५९५च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मुघल फौजेने अहमदनगरला वेढा घातला असता चांदबीबीने किल्ला लढवला, पण १५९६च्या तहात वऱ्हाड मुघलांना द्यावे लागले. तह होताच पाथरीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुघल अधिकाऱ्यांनी पाथरी ताब्यात घेतली, तर तो भाग दिलेल्या वऱ्हाडात येतच नाही, अशी दख्खनी पक्षाची तक्रार होती. विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या एकत्र फौजा विजापूरच्या सुहेलखानाच्या हाताखाली गोदावरीकडे आल्या, आणि १५९७च्या आरंभी त्यांची गाठ अब्दुर्रहीम खानखानान याच्या मुघल सैन्याशी पडली. फिरिश्ता या युद्धाच्या संदर्भात गोदाकाठच्या सोनपेठचे नाव घेतो, तर मुघल इतिहासकार अबुल फजल पाथरीपासून काही कोसांवरील आष्टीचे; दोन्ही वर्णनांत पाथरीचा परिसरच युद्धभूमी आहे. पहिल्या दिवशी कोणाचा जय झाला हे दोन्ही पक्षांना कळले नाही आणि दोन्ही सेनापतींनी रात्र रणांगणावरच काढली. दुसऱ्या दिवशी खानखानानाने पुन्हा हल्ला करून विजय मिळवला. मुघलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान पहिल्याच दिवशी पडला होता, पण तो फितूर झाला असे समजून त्याची छावणी लुटली गेली आणि नंतर त्याचे प्रेत रणांगणात सापडले तेव्हा सत्य उघड झाले. हिंदीतील दोह्यांमुळे जो रहीम कवी म्हणून घराघरांत माहीत आहे, त्याच्या लष्करी आयुष्यातील हा सर्वांत कठीण विजयांपैकी एक, आणि तो परभणीच्या मुलखात मिळालेला आहे.

या युद्धानंतर पाथरी मुघलांकडेच राहिली. ‘आइन-इ-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पाथरीचे स्वतंत्र सरकार नोंदले आहे; सुभा म्हणजे प्रांत, सरकार म्हणजे त्याचा मोठा विभाग आणि महाल किंवा परगणा म्हणजे सरकारचा घटक, अशी ती रचना होती. ज्या गावासाठी सुलतान भांडले ते गाव अशा रीतीने एका मोठ्या महसुली विभागाचे ठाणे झाले. पुढे हा सर्व प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे राहिला, १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. कारभाराचे मुख्य ठिकाण परभणीला गेले आणि पाथरी तालुक्याचे गाव म्हणून उरली. अलीकडच्या काळात शिर्डीच्या साईबाबांचे जन्मस्थान मानून अनेक भाविक पाथरीला येतात, तेथे साईबाबांचे मंदिरही आहे, आणि २०२०च्या जानेवारीत या जन्मस्थानाच्या विकासाच्या घोषणेवरून शिर्डी व पाथरी यांच्यात मोठा वाद झाला. त्या वादाच्या निमित्ताने पाथरीचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले, परंतु ज्ञानराज, सूर्यदास किंवा बुऱ्हाणचे इनाम यांची चर्चा त्यात कोठेही झाली नाही.

ही उणीव भरून काढणे अशक्य नाही. फोर्खहाइमचा इतिहास आज सांगता येतो तो तेथे राजे जमले एवढ्यामुळे नव्हे, तर त्या जमण्याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, वाचल्या आणि छापल्या गेल्या म्हणून. मराठवाड्यातील सभांच्या नोंदीही अस्तित्वात आहेत. मुघलांच्या दख्खन कारभाराचे हजारो फारसी कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत आणि महजर, सनदा, वंशावळी यांची मोडी दप्तरे जुन्या देशमुख, देशपांडे व कुलकर्णी घराण्यांच्या वाड्यांत रुमालांत बांधलेली असतात. फारसी आणि मोडी या दोन्ही लिपी वाचणारे अभ्यासक मराठवाड्यातच तयार होणे ही यातील पहिली गरज आहे, आणि ते काम विद्यापीठाने व जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हाती घ्यावे लागेल. ज्या घरांत असे रुमाल आहेत त्यांनी ते वाळवीच्या किंवा रद्दीच्या स्वाधीन करू नयेत. मूळ कागद आपल्याकडेच ठेवून त्यांच्या प्रती अभ्यासकांना द्याव्यात. शाळांनी ज्ञानराज आणि सूर्यदास यांची नावे मुलांना शिकवावीत, कारण आपल्याच तालुक्यात बीजगणितावर ग्रंथ लिहिले गेले हे कळलेला विद्यार्थी गणिताकडे वेगळ्या आत्मविश्वासाने पाहील. साईदर्शनासाठी पाथरीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने या गावाचा हा दुसरा इतिहासही जाणून घ्यावा आणि तेथील जुन्या घरांत एखादा मोडी कागद दिसला तर तो वाचून घेण्याची खटपट अवश्य करावी.